बाईसाहेबांसाठी घोडा

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात तोंड पाहून एकच निवड केली, ती म्हणजे मी. "तेव्हाच फसलो," असं ते चारचौघांत सांगतात आणि मग मी त्यांना चारचौघांत थंड चहा देते.

घोड्यांच्या बाबतीत मात्र त्यांचा नियम कडक. घोडा समोर आणला की ते उजवा हात डोळ्यांपुढे आडवा धरत, असा की घोड्याची मान आणि तोंड झाकलं जावं आणि छातीखालचं तेवढं दिसावं. आधी घोडा चालत दूर जाताना मागून बघायचा, मग परत येताना पुढून, मग बाजूने. तोंड सगळ्यात शेवटी, तेही वेळ उरला तर. "तोंड लबाड असतं, सूनबाई. पायाला खोटं बोलता येत नाही." पन्नास वर्षं शर्यतीच्या घोड्यांचे खूर तासण्यात आणि नाल ठोकण्यात गेली होती त्यांची. त्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तबेल्यांमधून सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मी मामंजी म्हणते. रागावले तरी मामंजीच म्हणते, फक्त जरा लांबवून.

आमच्याकडे घोडी एकच. थरोब्रेड, अठरा वर्षांची. कागदोपत्री तिला चार शब्दांचं भारदस्त नाव आहे, घरात ती बाईसाहेब, कारण पाणी सकाळचं नसेल तर ती बादली लाथेने उलथवते. तिची आईही आमच्याच तबेल्यातली. तरुणपणी बाईसाहेब दोन शर्यती धावल्या. दोन्ही वेळा बाकीचे घोडे कुठे राहिले ते बघायला मान वळवावी लागली. माझं नुकतंच लग्न झालं होतं, मला घोड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मी मैदानाच्या कठड्याला धरून उभी होते आणि ती समोरून गेली तेव्हा ओरडायचंच विसरले. इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं. तिसऱ्या शर्यतीआधी तिच्या डाव्या पुढच्या पायाचा सांधा सुजला आणि धावणं संपलं. तो पाय वाकडा होता, खूर आत वळलेला. "बापाच्या रक्तातला दोष," मामंजी म्हणाले. तिच्या बापाला त्यांनी पुढे इतकी नावं ठेवली की तो बिचारा असेल तिथे उचक्या देत असेल.

मग तेरा वर्षं मामंजी तिच्यासाठी घोडे निवडत राहिले. निवडीचं माप एकच, पाय सरळ हवेत, ओळंबा सोडून बघावेत असे. आईचा दोष बापाच्या सरळपणाने भरून निघतो, हे त्यांचं गणित. चार शिंगरं झाली. चौघांचे पाय बघत राहावेत असे सरळ, आणि चौघंही इतकी संथ की शर्यत संपल्यावर मैदान झाडणाऱ्यांच्या सोबतीने परत यायची. "पाय बघ, पाय!" मामंजी म्हणायचे. मी म्हणायचे, "बघतेय ना, मामंजी. बघायला भरपूर वेळ मिळतो."

गेल्या वर्षी पाचवं शिंगरू पोटातच गेलं. आमच्या डॉक्टरांनी हात धुता धुता सांगितलं, "अजून एकदा जमेल. त्यानंतर नको, घोडी जाईल." म्हणजे एकच शिंगरू उरलं होतं. मी कठड्यापाशी उभी राहून जे पाहिलं ते पुढे जाणार, की बाईसाहेबांबरोबर संपणार, हे आता या एका निवडीवर होतं. मला दुसरं काही नको होतं. माझा नवरा म्हणतो की मी त्याच्या तब्येतीची कधी इतकी चौकशी केली नाही. खरं आहे ते.

मामंजींनी महिनाभर आधीच घोडा ठरवून टाकला होता. मी त्याचं नाव ठेवलं खांब, आणि ते फार्मवरही पसरलं. चारही पाय खांबासारखे सरळ, आणि चपळाईही खांबाचीच. आमची यावरून तीन वेळा भांडणं झाली. तिसऱ्या वेळी त्यांनी जेवण अर्धवट टाकलं, म्हणून मी गप्प बसले. बाईसाहेब माजावर आल्या त्या सकाळी आम्ही त्यांना गाडीत चढवलं आणि स्टड फार्मवर घेऊन गेलो.

स्टड फार्मच्या ऑफिसात ओल्या पेंढ्याचा आणि मालिशच्या तेलाचा वास होता. भिंतीवर मोठा फळा, त्यावर प्रत्येक घोड्याचा नंबर आणि नंबराखाली कार्ड अडकवायच्या लोखंडी आकड्यांची रांग. घोडी ठरली की तिचं कार्ड त्या घोड्याच्या आकड्याला लटकतं. येणारा जाणारा प्रत्येक मालक आधी तो फळा वाचतो, कोणाची घोडी कोणाला, हे सगळ्यांना हंगामभर दिसतं. व्यवस्थापक कानाला पेन्सिल लावून बसले होते. मामंजींना बघताच ते उठले आणि आपली खुर्ची पुढे केली. "उस्ताद, तुम्ही उभे कसे? बसा." कोपऱ्यात चामड्याचा अ‍ॅप्रन बांधून फार्मचा नालबंद नाल निवडत बसला होता, तोही उठला. तो मामंजींच्याच हाताखाली शिकलेला. मामंजी बसले. कौतुक त्यांना आवडतं, ते लपवतही नाहीत.

मग आम्ही सगळे अंगणात गेलो, बाईसाहेबांना गाडीतून उतरवलं आणि खांब आणला गेला. मामंजींचा हात डोळ्यांपुढे आडवा झाला. खांब गेला, खांब आला, खांब बाजूने चालला. "वा," मामंजी म्हणाले. मी बाईसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी जांभई दिली.

तेवढ्यात पलीकडच्या बोळातून मोतद्दाराने कोणाला तरी आणलं.

आधी शांतता आली. दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधून इतका वेळ चारा चावल्याचा आवाज येत होता, तो थांबला. एकेका दारातून एकेक मान बाहेर आली. खांबसुद्धा कान टवकारून उभा राहिला. मग खुरांचा आवाज ऐकू आला, सावकाश, चार ठोके, चारही सारखे. आणि मग तो कोपऱ्यावरून वळला.

गडद तपकिरी, काळ्याकडे झुकलेला. कपाळावर बोटभर पांढरं. एवढंच सांगितलं तर असे शंभर घोडे सापडतील. पण तो चालत होता तेव्हा मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्याही वीतभर पुढे पडत होता आणि तरी घाई कुठेच नव्हती. खांद्याखालचा एकेक स्नायू कामाला उठत होता आणि काम झालं की निजत होता. मोतद्दाराच्या हातातला दोर सैल लोंबत होता. धिप्पाड, चाळिशीचा माणूस तो, पण घोड्याशेजारी अगदी पाहुण्यासारखा अंग चोरून चालत होता. आमच्यापासून दहा पावलांवर घोडा थांबला. आमच्या डोक्यांवरून त्याने लांब कुठेतरी पाहिलं. नाकपुड्या फुलल्या, मोठा श्वास आत गेला आणि त्याची सगळी छाती उचलली गेली. माझ्या अंगावर काटा आला. मला हसावंसं वाटलं, रडावंसं वाटलं, आणि आपण सकाळी केस नीट विंचरले नाहीत याची लाज वाटली.

बाईसाहेबांची जांभई अर्ध्यात राहिली होती.

मी मामंजींकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात खाली होता, मांडीपाशी, विसरल्यासारखा. ते घोड्याच्या तोंडाकडे बघत होते. सरळ डोळ्यांत. पंधरा वर्षांत मी त्यांना असं बघताना पाहिलं नव्हतं.

"हा कोण?" मी विचारलं. माझा आवाज देवळात बोलावं तसा निघाला.

"तीन नंबर," व्यवस्थापक म्हणाले. तेही हळूच बोलले. "नऊ शर्यती, नऊ जिंकल्या. यंदाच पैदाशीला उतरवलाय. नवीन आहे म्हणून फी खांबा... म्हणजे त्या घोड्याइतकीच."

"जागा आहे?"

"आजच सकाळी एक घोडी रद्द झाली, एक आकडा रिकामा आहे. पण ताई..." त्यांनी बाईसाहेबांच्या डाव्या पायाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "मालकांची अट आहे. पहिली शिंगरं बघूनच लोक घोड्याला बरंवाईट ठरवतात. वाकड्या पायाची घोडी तीन नंबरला घ्यायची नाही. रक्तात असलेला दोष कधी बाहेर पडेल सांगता येत नाही. आमच्या डॉक्टरीणबाई एकेक पाय तपासतात."

डॉक्टरीणबाई ऑफिसच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली, म्हणजे हे असंच आहे.

अट बरोबरच होती. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण हाताशी आलेलं असं निसटावं याचा मला इतका राग आला की तो काढायला मला दुसरं कोणी मिळेना. "चला, मामंजीऽऽ," मी म्हणाले, "तुमचा खांब वाट बघतोय. त्याला कुठे जायची घाई नसतेच म्हणा."

मामंजी हलले नाहीत.

"तो पाय रक्तातला नाही," ते म्हणाले.

व्यवस्थापक समजूत घातल्यासारखं हसले. "उस्ताद, बापाचा दोष आहे म्हणून तुम्हीच तर सगळ्यांना..."

"मी खोटं सांगितलं."

मामंजी अजून घोड्याकडेच बघत होते, जणू त्यालाच सांगत होते.

"तो पाय मी वाकडा केला. माझ्या कानशीने. शिंगरू जन्मतं तेव्हा पुढचे खूर जरा बाहेर पडलेले असतात. सगळ्यांचेच असतात. छाती अरुंद असते म्हणून. पुढे छाती रुंदावते आणि पाय आपले आपण सरळ होतात. आपण काही करायचं नसतं. हे मी शंभर पोरांना शिकवलंय." आमच्यामागे अंगणात आलेल्या नालबंदाच्या हातातला नाल तसाच राहिला. "पण ही घरची होती. हिची चाल मी दुसऱ्याच दिवशी ओळखली. मला हिच्यात एवढासाही बाक चालेना. डाव्या खुराची कड तासली. दर चार दिवसांनी तासत गेलो. तीन महिन्यांत पाय असा सरळ केला की मी स्वतःवर खूश. मग उजवा घेणार, तर मला ताप आला. पंधरा दिवस अंथरुणात. उठून बघतो तर उजवा आपला आपण सरळ झालेला. आणि छाती रुंदावली तसा डावा आत निघाला. आतच जात राहिला. तोवर हाडं पक्की झाली होती."

डॉक्टरीणबाई पुढे आल्या. त्या बाईसाहेबांसमोर खाली बसल्या, उजवा पाय वरपासून खालपर्यंत चाचपला, मग डावा, मग पुन्हा उजवा. "उजव्याला कधीच हात लावला नाहीत?"

"नाही."

"आणि शिंगरं?"

"चार," मी म्हणाले. "चौघांचे पाय काठीसारखे." बोलता बोलता मला कळलं. "मामंजी, म्हणजे ती चारही..."

"कोणत्याही बापाची असती तरी सरळच झाली असती."

"तेरा वर्षं! तेरा वर्षं तुम्ही तिला नसलेल्या दोषासाठी असे बैल आणून..."

"हो."

"पण का?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. सत्तरीचा माणूस, पण चेहरा परीक्षेत पकडलेल्या मुलासारखा झाला होता. "लाज वाटली, सूनबाई. सगळे उस्ताद म्हणतात. एकदा बापावर ढकललं, मग ते खरं ठरवायला सरळ पायांचे घोडे आणत राहिलो. शिंगरू सरळ निघालं की वाटायचं, बघा, माझं बरोबर होतं. हळूहळू मलाही ते खरंच वाटायला लागलं. पण आज हा समोर उभा आहे आणि हिच्यासाठी हाच घोडा आहे. हे मला तोंड बघून कळलं, पाय बघायची गरजही पडली नाही. ह्याच्यासमोर तेच खोटं परत बोलायला माझी जीभ उचलेना."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. ओरडण्यासारखं पुष्कळ साठलं होतं. कठड्यापाशी मी जे पाहिलं होतं ते त्यांनी एका हाताने घडवलं आणि दुसऱ्या हाताने मोडलं होतं, आणि दोष एका मुक्या घोड्याच्या माथी मारला होता. पण ज्या माणसांनी त्यांच्यासाठी खुर्च्या सोडल्या त्यांच्यासमोर त्यांनी हे स्वतःहून सांगितलं होतं. तीन नंबरने मला थक्क केलं होतं. मामंजींनी त्याहून जास्त केलं.

डॉक्टरीणबाई गुडघे झटकत उठल्या. "पाय हातानेच बिघडवलेला आहे," त्या म्हणाल्या. "सांधा खालूनच वळलाय, वरची हाडं सरळ आहेत. आणि असलं खोटं कोणी स्वतःविरुद्ध बोलत नाही. माझी हरकत नाही."

ऑफिसात परत येऊन व्यवस्थापकांनी कोरं कार्ड काढलं. घोडीचं नाव, वय, मालक हे सगळं लिहून झालं. पायाच्या रकान्यापाशी त्यांची पेन्सिल थांबली. "अपघात लिहितो, उस्ताद," ते हळूच म्हणाले. "शिंगरूपणी झालेली इजा. चालेल."

"नको. नालबंदाची चूक लिहा."

"अहो, कार्ड फळ्यावर लागतं. सगळे वाचतात."

"म्हणूनच. आणि नालबंदाचं नावही लिहा. नाहीतर लोक परत तिच्या बापालाच बोलतील."

व्यवस्थापकांनी लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा बारीक काढलं, पण लिहिलं. कार्ड त्यांच्याने लटकवेना, तेव्हा मामंजींनीच ते घेतलं आणि तीन नंबरखालच्या रिकाम्या आकड्याला अडकवलं. मग मागे सरून त्यांनी ते एकदा वाचलं.

दुपारी बाईसाहेबांना तीन नंबर लावला. बाईसाहेब, ज्यांनी आजवर प्रत्येक घोड्याला एक तरी लाथ चुकवायला लावली होती, त्या दिवशी नवख्या मुलीसारख्या शांत उभ्या राहिल्या. परत येताना मी दोन तास मामंजींशी बोलले नाही. तिसऱ्या तासाला विचारलं, "चहा घेणार?" ते म्हणाले, "थंड असला तरी चालेल." मी गरम दिला.

पुढचे अकरा महिने आमच्याकडे नालबंदीचं काम आलं नाही. दोन जुन्या मालकांनी फोन करून काहीतरी निमित्त सांगितलं, बाकीच्यांनी तेही सांगितलं नाही. मामंजी सकाळी आवरून बाकावर बसत. मी एकदा म्हणाले, "पस्तावताय का?" ते म्हणाले, "रात्री झोप लागते आता." तेवढंच.

शिंगरू झालं ते सकाळी दहा वाजता, दिवसाढवळ्या, जी वेळ घोड्या सहसा टाळतात. मादी. ओली, काळपट, कपाळावर बोटभर पांढरं. अर्ध्या तासात उभी राहिली, पडली, चिडली, परत उभी राहिली. आणि तिने पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा तिचे दोन्ही पुढचे खूर बाहेर वळलेले होते. जरा जास्तच.

मामंजींनी ते पाहिलं. मी त्यांना पाहिलं. ते घरात गेले आणि आपली हत्यारांची पेटी घेऊन आले. त्यांनी पेटी माझ्या पायाशी ठेवली. "कुलपात टाक," ते म्हणाले. "किल्ली तुझ्याकडे. मी मागितली तरी द्यायची नाही."

त्यांनी मागितली. तिसऱ्या आठवड्यात मागितली. "फक्त डाव्याची कड, एकदाच, अगदी एवढीशी." "मामंजीऽऽ!" ते परत फिरले. सहाव्या आठवड्यात त्यांनी मागितली नाही, पण स्वयंपाकघरात येऊन उगाच डबे हलवत बसले, आणि मी किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. रोज सकाळी ते कुंपणापाशी जाऊन उभे राहत. दोन्ही हात मागे, एकाने दुसरं मनगट घट्ट धरलेलं. शिंगरू बाहेरच्या बाहेर पाय टाकत जवळ यायचं, त्यांचा सदरा चघळायचं. माणसाने एखाद्या गोष्टीची इतकी काळजी करावी आणि तिला हातही लावू नये, याला किती ताकद लागते हे मला त्या तीन महिन्यांत कळलं. पन्नास वर्षांत त्यांनी इतकं अवघड काम केलं नसेल.

मग एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. अशी, की मी कणकेच्या हातांनीच धावले.

शिंगरू कुरणाच्या पलीकडच्या टोकाला होतं. कशाला तरी दचकलं, आणि निघालं. आधी उड्या, मग दुडकी, आणि मग त्याने मान लांब केली आणि ते धावायला लागलं. बाईसाहेबांनी चरणं सोडून डोकं वर केलं. मी कुंपण धरलं. सोळा वर्षांपूर्वी तो कठडा धरला होता तसंच, आणि तसंच मला काही ओरडता येईना. ते सरळ आमच्या दिशेने येत होतं. दोन्ही पुढचे पाय वरखाली, एका रेषेत, एकही खूर ना आत ना बाहेर. ते आमच्यापुढून गेलं तेव्हा माझे केस उडाले आणि जमीन पायाखाली हलली.

मामंजींचे हात अजून मागेच होते. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्यांनी हात सोडला नाही.

"बघितलंस, सूनबाई?" ते म्हणाले. इतक्या अभिमानाने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "मी काहीच केलं नाही."